डब्लिनचे जुने शेजारी

माझी धाकटी मुलगी तिसरीत असताना तिच्या वर्गाची सहल आमच्या डब्लिनमधल्याच डॉनलन वे-वरच्या हेरिटेज पार्कला गेली होती. गाड्या कमी पडत होत्या म्हणून मीही एक दिवसाची रजा टाकली आणि चार मुलांना मागच्या सीटवर बांधून निघालो. 580 आणि 680 हे दोन फ्रीवे जिथे एकमेकांना छेदतात, त्या सिमेंटच्या गुंत्यापासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे. गेली कित्येक वर्षे मी रोज तिच्या शेजारून ताशी पासष्ट मैलांनी जात होतो, पण तिथे काय आहे हे मला ठाऊक नव्हते. आत एक पांढरे लाकडी चर्च, एका खोलीची जुनी शाळा, आणि मागे झाडांच्या सावलीत कबरी.

मुले दगडांवरची नावे वाचत सुटली आणि आमच्या कन्येने तिथूनच हाक मारली, "बाबा, ताईची शाळा इथे आहे!" जाऊन पाहतो तो दगडावर फॅलन हे नाव. थोरली फॅलन मिडल स्कूलमध्ये जाते. आम्ही राहतो ते घर फॅलन रोडपासून दोन सिग्नलवर. दूध आणायला जातो तो रस्ता डोहर्टीच्या नावाचा. ज्या गल्लीत गाडी लावली होती ती डॉनलनची. ज्यांच्या नावांवरून आपण जीपीएसच्या हुकमाने डावीउजवीकडे वळत असतो, ती माणसे इथे पडून होती.

हा लेख मी लिहायला घेतला तो मात्र त्या सहलीमुळे नव्हे. चार वर्षांपूर्वी माझे वडील इथेच, आमच्या घरी वारले. अस्थी नाशिकला गोदावरीत विसर्जित केल्या. पण आईच्या आग्रहावरून एक लहानशी पुरचुंडी इथे मागे ठेवली आणि ईस्ट बेमधल्या एका दफनभूमीत, अस्थी ठेवण्यासाठी भिंतीत केलेल्या कोनाड्यांपैकी एक आम्ही घेतला. बाहेर पितळी पाटी, तिच्यावर देवनागरीत नाव. आईने पाटीवरून हात फिरवला आणि विचारले, "हे आता कायमचं ना रे आपलं?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. घरी येऊन रात्री कराराची कागदपत्रे काढली, तेव्हा लक्षात आले की उत्तर देण्याची घाई झाली. "कायमचे" म्हणजे नक्की काय, ते कोणाच्या भरवशावर, आणि आजवर किती जणांच्या बाबतीत ते खरे ठरले आहे, हे मी तेव्हापासून शोधतो आहे. त्यातले जे समजले ते इथे मांडतो.

चार एकर जमीन

आपल्या डब्लिनची गोष्ट आधी. मायकेल मरे आणि जेरेमाया फॅलन हे दोन आयरिश गृहस्थ 1850 च्या सुमारास या खोऱ्यात आले आणि होसे मारिया अमादोर या रँचोच्या मालकाकडून त्यांनी जमीन घेतली. 1859 मध्ये त्यांनी चर्च व दफनभूमीसाठी चार एकर जमीन दिली. चर्च बांधताना टॉम डॉनलन हा गडी छपरावरून पडून मेला, आणि त्याच आवारात पुरलेला तो पहिला माणूस ठरला. म्हणजे चर्च पुरते उभे राहण्याआधीच दफनभूमी सुरू झाली. परदेशात वस्ती केलेल्या समाजांचे असे पुष्कळदा होते. घरे बांधून होतात न होतात तोच पहिला मृत्यू येतो, आणि हा मुलूख आपलाही आहे असे त्या दिवसापासून वाटू लागते.

(ही माणसे इथली "पहिली" नव्हेत, हेही सांगायला हवे. त्यांच्या हजारो वर्षे आधीपासून इथे ओलोनी लोक राहत होते. फ्रीमाँटमधली त्यांची एक जुनी दफनभूमी 1971 मध्ये त्यांच्याच वंशजांच्या संस्थेच्या नावावर झाली. बाकी कितीतरी जागांवर दुकाने आणि पार्किंग लॉट आहेत.)

डब्लिनची वस्ती 1990 च्या जनगणनेत 23,229 होती, 2020 मध्ये 72,589 झाली. टेकड्या कापून सबडिव्हिजन्स झाल्या, बार्ट आली. फ्रीवेच्या कामात 1856 सालची मरे शाळा वाटेत आली, तेव्हा ती 1975 मध्ये उचलून चर्चच्या शेजारी आणून ठेवली. शाळा उचलता येते, दफनभूमी उचलणे इतके सोपे नाही. ती टिकली, कारण गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी तिची कड घेतली आणि आज ती जागा शहराच्या ताब्यात, शहराच्या खर्चाने राखली जाते. इथले आयरिश कधीच पांगले. आता त्या कबरींवरचे गवत जे कापतात त्यांचा पगार तुमच्याआमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. म्हणजे सावंत, कुलकर्णी आणि रेड्डी मिळून डॉनलनचे श्राद्ध घालताहेत म्हणा ना!

सॅन फ्रान्सिस्कोने काय केले

पण चाळीस मैलांवरच उलट उदाहरण आहे, आणि ते फार मोठे आहे. सॅन फ्रान्सिस्कोत एके काळी शहराच्या पश्चिम भागात मोठमोठ्या दफनभूमी होत्या. जमिनीचे भाव चढले तसे लोकांना त्या डोळ्यांत सलू लागल्या. 1900 मध्ये शहराने ठराव केला आणि 1901 पासून हद्दीत नवीन दफन बंद झाले. याचा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. नवीन दफन बंद म्हणजे नवीन उत्पन्न बंद. उत्पन्न बंद म्हणजे देखभाल बंद. देखभाल बंद म्हणजे गवत, कोसळलेले दगड, चोऱ्या, भटकी कुत्री. मग दहा वर्षांनी तेच लोक म्हणू शकतात, "बघा, काय अवकळा आली आहे, हे इथे शोभत नाही." 1914 मध्ये प्रेते हलवण्याच्या नोटिसा निघाल्या. कोर्टकचेऱ्या झाल्या, मतदान झाले, आणि 1940 च्या आसपास लॉरेल हिल ही शेवटच्या मोठ्या दफनभूमींपैकी एक रिकामी झाली. सुमारे दीड लाख मृतांना दक्षिणेला कोल्मा नावाच्या गावी नेण्यात आले. त्या गावात आज जिवंत माणसे दीड हजार आणि मृत सुमारे पंधरा लाख आहेत.

प्रेते हलवायला नातेवाइकांना पैसे पडत नव्हते, पण दगड हलवायचा तर दहा डॉलर द्यावे लागत. जे वारस सापडले नाहीत किंवा ज्यांना मंदीच्या काळात दहा डॉलर जड होते, त्यांचे दगड शहराने वापरून टाकले. काही समुद्राच्या बंधाऱ्यात गेले, काही ब्युएना व्हिस्टा पार्कच्या गटारांच्या अस्तरात. तिथे आजही पायाखाली एखादे अक्षर दिसते.

यात परक्या समाजांचे हाल सर्वांत जास्त झाले. लिंकन पार्कचे गोल्फ मैदान आहे ना, गोल्डन गेटचा सुरेख देखावा दिसतो ते? ती पूर्वीची सिटी सिमेटरी. तिथे गरिबांचे आणि निरनिराळ्या समाजांचे विभाग होते आणि चिनी संघांचे विभाग मोठे होते. चिनी लोक काही वर्षांनी अस्थी उकरून मायदेशी पाठवत. त्यामुळे "यांचे कुठे कायमचे आहे?" असे म्हणायला शहर मोकळे झाले. पुढे तिथे गोल्फ सुरू झाले. बहुतेक प्रेते हलवलीच नव्हती. 1990 च्या दशकात तिथल्या लीजन ऑफ ऑनर या संग्रहालयाच्या दुरुस्तीसाठी खणले तेव्हा शेकडो शवपेट्या निघाल्या. कोंग चाऊ या चिनी संघाची एक दगडी कमान मात्र गोल्फच्या हिरवळीत अजून उभी आहे. 2022 मध्ये शहराने या साऱ्या जागेला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी.

आपण म्हणू, आम्ही दहन करतो, आम्हाला काय त्याचे? तेही पुरते खरे नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ऑड फेलोज दफनभूमीत दहनगृह होते आणि 1898 मध्ये बांधलेले एक घुमटाकार अस्थिगृह होते. दहनगृह गेले, दफनभूमी गेली. अस्थिगृह तेवढे कायद्याने स्मारक ठरल्यामुळे वाचले, पण त्यानंतर कित्येक दशके ते बेवारस पडले होते. 1980 मध्ये नवीन मालक आले तेव्हा कुठे त्याचे दैव उघडले.

करारात काय लिहिलेले असते

आता कागदपत्रांकडे वळू. दफनभूमीत जागा घेतली म्हणजे जमीन विकत घेतली असा आपला समज असतो. तसे नसते. आपल्याला मिळतो तो तिथे पुरण्याचा किंवा अस्थी ठेवण्याचा हक्क. जमीन संस्थेचीच राहते. किमतीतला काही भाग कायम देखभालीच्या निधीत जातो, त्याची मुद्दल राखून ठेवायची आणि उत्पन्नातून गवत कापायचे, भिंती रंगवायच्या. तेव्हा "कायमचे" हे या निधीएवढेच टिकाऊ असते. जुन्या दफनभूमींना बहुधा असा निधीच नव्हता. गावातली दोनचार कुटुंबे जे करतील ते.

कॅलिफोर्नियाचा कायदा तसा बरा आहे. एका जागी सहा किंवा अधिक प्रेते पुरलेली असली की ती जागा दफनभूमी समजली जाते. एकदा जमीन त्या कामासाठी रीतसर वाहिली की कोर्टाच्या हुकमाशिवाय तिचा दुसरा उपयोग करता येत नाही. खोदताना मानवी अवशेष सापडले तर काम तिथेच थांबवून कॉरोनरला कळवावे लागते. शिवाय 1970 चा पर्यावरणविषयक कायदा आहे. त्यामुळे मोठ्या प्रकल्पाआधी ऐतिहासिक ठेव्यावरच्या परिणामाचा अहवाल काढावा लागतो आणि त्यावर कोणाही नागरिकाला लेखी मत देता येते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे कायदे पद्धत ठरवून देतात, निकालाची हमी देत नाहीत. कोर्टात कोणी हजर राहिले नाही तर हुकूम एकतर्फी होतो. अहवालावर कोणी मत दिले नाही तर "हरकत आली नाही" एवढेच लिहिले जाते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्या प्रोग्रॅमचा मालक कंपनी सोडून गेला, तो प्रोग्रॅम उत्तम चालत असला तरी पुढच्या साफसफाईत उडतो. कारण "हा कोणाचा?" असे विचारल्यावर बैठकीत कोणी हात वर करत नाही. दफनभूमीचेही तसेच होते.

टोकियोत हे अगदी नेमके घडले. तिथल्या आओयामा दफनभूमीत मेइजी काळात जपानला गेलेल्या परदेशी शिक्षकांचा, अभियंत्यांचा, डॉक्टरांचा एक विभाग आहे. 2004 च्या सुमारास महापालिकेने त्यातल्या अनेक थडग्यांवर पाट्या लावल्या: देखभालीचे शुल्क थकले आहे, वर्षभरात कोणी आले नाही तर अवशेष सामायिक जागी हलवू. दुष्टावा कोणाचाच नव्हता. शुल्क वर्षाला किरकोळ होते, पण शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचे बिल भरणार कोण? टोकियोत राहणाऱ्या आजच्या परदेशी लोकांनी एक विश्वस्त संस्था काढली, कोण कुठे पुरला आहे आणि त्याने जपानसाठी काय केले याची माहिती जमवली, आणि तो विभाग वाचला. उलट सिंगापूरमध्ये बुकिट ब्राऊन या जुन्या चिनी दफनभूमीतून आठपदरी रस्ता काढायचे 2011 मध्ये जाहीर झाले. लोकांनी खूप विरोध केला, तरी रस्ता झालाच. सुमारे चार हजार कबरी उकरल्या गेल्या. पण उकरण्याआधी प्रत्येक कबरीची नोंद आणि छायाचित्रे झाली. हरलेल्या लढाईतूनही एवढे वाचवता येते.

आपल्याच दोन जागा

परमुलखात आपल्या माणसांच्या अशा जागा आहेत का? आहेत, आणि दोन तर प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असाव्यात.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय अवघे वीस. त्या शहराने हिंदू दहन कधी पाहिले नव्हते, पण परवानगी मिळाली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. 1874 मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. पुढे शेजारी पूल झाला, त्याचेही नाव "त्या हिंदी माणसाचा पूल" अशा अर्थाचे पडले. सार्वजनिक बागेत जागा असणे आणि गावाच्या तोंडी नाव असणे, यापरते संरक्षण नाही.

दुसरी जागा तर आपल्या याच देशात आहे. डॉ. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी इथे पाठवण्यात आल्या. ज्यांना त्या मावशी म्हणत, त्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या घराण्याच्या जागेत त्या ठेवल्या. आजही तिथे त्यांचा दगड आहे. तो का टिकला याची मला तीन कारणे दिसतात. जागा एका नांदत्या कुटुंबाच्या मालकीची होती. ती दफनभूमी नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाची आहे, आणि न्यूयॉर्कच्या 1847 च्या कायद्याने अशा मंडळांना भक्कम पाया दिला होता. तिसरे म्हणजे लोक अजून तिथे जातात. पहिल्या दोन कारणांत आपल्या समाजाचा काडीचा हात नाही. तिसऱ्यात मात्र आहे.

सोनापूर

आपल्याकडे पाहुण्यांच्या कबरींचे काय झाले, हेही प्रामाणिकपणे पाहू. मुंबईतली इंग्रजांची सर्वांत जुनी दफनभूमी कूपरेजच्या बाजूला मेंढम्स पॉइंटला होती. अठराव्या शतकात तटबंदीच्या कामासाठी ती खुद्द इंग्रजांनीच मोडली, तिचा मागमूस नाही. त्यानंतरची सोनापूरला. "सोनापूरला गेला" हा वाक्प्रचार आपल्या आजोबांच्या तोंडी होता ते हेच. तिथल्या युरोपियन दफनभूमीच्या जागी आज स. का. पाटील उद्यान आहे. उलट पुण्याजवळ खडकीची युद्ध दफनभूमी पाहावी. सोळाशेहून अधिक कबरी, हिरवळ एकसारखी कापलेली, प्रत्येक नाव वाचता येते. कारण तिच्यामागे राष्ट्रकुलातल्या सरकारांनी 1917 पासून चालवलेला, ठरावीक वर्गणी असलेला आयोग आहे. जुन्या नागरी कबरींसाठी असे काही नव्हते म्हणून 1976 मध्ये लंडनला एक संस्था निघाली. ती भारतीय उपखंडातल्या अशा दफनभूमींची नोंद करते आणि डागडुजीसाठी स्थानिक लोकांना छोटी मदत देते.

आणि अलिबागजवळचे नवगाव! गलबत फुटून तिथे किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांपासून आपला वंश चालला, असे बेने इस्रायली लोक मानतात. बुडालेल्यांना तिथेच पुरले, अशी श्रद्धा. हे लोक मराठी बोलणारे, आडनावे रोहेकर, केहिमकर, पेणकर. 1948 नंतर बहुतेक इस्रायलला गेले. कोकणातली त्यांची दफनस्थाने मागे राहिली. नवगावला त्यांनी स्मारक उभारले आहे, आणि इस्रायलमध्ये वाढलेली नातवंडे तिथे येऊन उभी राहतात. आपण डब्लिनमध्ये आणि आपल्या मागे कोकण, त्याचे हे जुने प्रतिबिंब आहे.

मग आपण काय करावे?

यावर मला सुचते ते असे. पहिले, नोंद. आपल्या मंडळाने एक वही करावी: आपल्या भागात कोणाकोणाच्या अस्थी, कोनाडे, स्मृतिशिला कुठे आहेत, कोणत्या वर्षीच्या, वारस कोण. संगणकावर करावी आणि कागदावरही. मी या धंद्यात आहे म्हणूनच सांगतो, कागद जास्त टिकतो. दुसरे, करारात वारसांच्या पुढे मंडळाचाही पत्ता द्यावा. आपली मुले उद्या सिअॅटलला किंवा सिंगापूरला जातील, नोटीस मात्र जुन्या पत्त्यावर येईल. तिसरे, जागा घेताना तीन प्रश्न विचारावेत: देखभाल निधी आहे का, तो कोण पाहतो, आणि संस्था विकली गेली तर करार पुढे चालतो का. चौथे, शहराच्या प्लॅनिंग कमिशनची विषयपत्रिका अधूनमधून वाचावी. तिथे तीन मिनिटे बोलता येते. आपण फक्त शाळांच्या सीमा बदलल्या की जातो.

आणि पाचवे, इतरांच्या कबरींसाठी उभे राहावे. डॉनलनचे वारस सभेला येणार नाहीत. आज आपण त्यांच्यासाठी हात वर केला, तर आपण नसताना आपल्यासाठी कोणी तरी हात वर करील अशी आशा ठेवायला आपल्याला तोंड राहील.

गेल्या पितृपक्षात आईला घेऊन मी हेरिटेज पार्कला गेलो. ती दगडांमधून हळूहळू फिरली, नावे मला वाचायला लावली. टॉम डॉनलनची हकिकत ऐकून म्हणाली, "चर्च बांधता बांधता गेला? अरेरे. आणि पुढे कोण करतं त्याचं?" मी म्हटले, "आता आपणच." तिने पिशवीतून घरच्या जास्वंदीची दोन फुले काढून कुंपणाशी ठेवली. मग गाडीत बसल्यावर विचारले, "ते बाबांच्या कराराचं बघणार होतास, बघितलंस का?"

बघितले. देखभाल निधी आहे, वारस म्हणून दोन्ही मुलींची नावे घातली आहेत, आणि नोटिशीसाठी दुसरा पत्ता कोणाचा द्यायचा ती ओळ मी तूर्त कोरी ठेवली आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत तेवढा एक विषय घ्यावा, ही विनंती.